छोटा स्टिरिओ आणि सासूबाईंचा स्वाध्याय



आमच्या घरी एक छोटा स्टिरिओ आहे. मध्ये एक खोकं आणि दोन बाजूंना दोन स्पीकर. सीडी, कॅसेट आणि रेडिओ, एवढंच त्यावर चालतं. २००६ साली तेव्हाच्या औरंगाबादेतून, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून चार हजारांच्या आत आणला. मुलं म्हणतात, "आई, आता फोनवर सगळं मिळतं, हे काढून टाक." तो अजून का ठेवलाय आणि घरात वयस्कर माणूस असेल तर असं साधं यंत्र का घ्यावं, ते आज लिहिते.

स्टिरिओ आला तो सासूबाईंसाठी. सकाळचा स्वाध्याय झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. काचबिंदूनं नजर गेली, नियम मात्र तसाच राहिला. यजमान कामावर, मुलं शाळेत, मी स्वयंपाकात. कुणीतरी वाचून दाखवायला मोकळं होईपर्यंत त्या भिंतीला टेकून बसून राहायच्या. कधी दुपारचे दोन वाजायचे. जेवणानंतरची औषधंही मग तेवढीच लांबायची. त्या वाळत चालल्या होत्या. "नियम थोडा सैल करा" असं त्यांना म्हणायची आमची कुणाची छाती नव्हती. ज्या नियमावर त्या आयुष्यभर उभ्या राहिल्या, तो म्हातारपणी काढून घ्यावा असं मलाही वाटत नव्हतं.

यंत्राची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी विचारलं, "मशीनवर ऐकलं तर तो स्वाध्याय होईल का गं?"

मी त्यांचीच शिकवण त्यांना सांगितली. आपण शास्त्राला श्रुत म्हणतो. श्रुत म्हणजे ऐकलेलं. भगवान महावीरांच्या नंतर कितीतरी शतकं ते गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानातच गेलं. पुढे स्मरण कमी होत चाललं, तेव्हा गिरनारवर धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ज्ञान दिलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. त्याचीच आठवण म्हणून आपण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी करतो. म्हणजे पोथी नंतरची, कान आधीचा.

सासूबाईंना ते पटलं, पण त्यांनी अट घातली. "ऐकायचं मशीन घरात एकच राहील. नवं येईल तर जुनं जाईल." परिग्रह-परिमाण त्यांच्या बोटावर असायचं. जुना टू-इन-वन गरज असलेल्या एका घरी दिला, मगच नवा आणला.

दुकानात मोठमोठी खोकी मांडलेली होती, त्यांवर ठळक अक्षरांत '२००० वॅट पीएमपीओ'. मी कॉमर्सची, आकडा दिसला की त्याची दुसरी बाजू बघायची सवय. मागे वळवून पाहिलं तर वीज लागते ४० वॅट! आवक चाळीस आणि जावक दोन हजार, असा ताळेबंद कोण मान्य करेल? पीएमपीओ हा जाहिरातीचा आकडा. सतत किती ताकदीनं वाजेल ते 'आरएमएस' या बारीक अक्षरांतल्या आकड्यात असतं. आम्ही घेतला तो दर बाजूला पाच वॅटचा. एका खोलीत एका माणसाला प्रवचन ऐकायला ते भरपूर झालं.

दुकानदार धडधडता बास वाजवून दाखवतात. वयस्करांसाठी तो बंदच ठेवावा. वयाबरोबर आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात आणि स, श, त, फ ही अक्षरं त्यातच असतात. बास वाढवला की शब्द अधिकच बुडतात. ट्रेबल थोडा वाढवला आणि सासूबाई म्हणाल्या, "आता शब्द सुटे झाले."

तरी खोली घुमत होती. वेरूळकरांना याचं कारण समजायला लांब जायला नको. दहा क्रमांकाच्या लेण्यात, विश्वकर्मा लेण्यात, उभं राहून एक स्वर लावला तर तो दगडी कमानीखाली किती वेळ फिरत राहतो! संथ मंत्र तिथे सुंदर लागतो, पण भरभर बोललं तर एक शब्द दुसऱ्यावर चढतो. आमची स्लॅबची खोली, खाली उघडी फरशी, म्हणजे लहानसं लेणंच. समोरच्या भिंतीला एक गोधडी टांगली, फरशीवर सतरंजी टाकली, स्पीकर कोपऱ्यातून काढून सासूबाईंच्या कानाच्या उंचीला ठेवले. घुमणं गेलं. आवाज इतका कमी ठेवता आला की स्वयंपाकघरात ऐकूही येत नसे.

बटणांवर मी टिकल्या चिकटवल्या. चालूवर एक, थांबवायच्या बटणावर दोन. साध्या सीडीवर फार तर ८० मिनिटं मावतात, एमपी-थ्री सीडीवर मात्र दहा-अकरा तास. ती एकदा लावून ठेवली की पुढे त्यांना कुणाची वाट पाहावी लागत नसे. आठ वाजता स्वाध्याय, नऊला जेवण, त्यावर औषध. दोन महिन्यांत अंगावर थोडं मांस आलं.

मात्र तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. त्यातली पृच्छना, म्हणजे विचारणं, यंत्रापाशी होत नाही. सासूबाई दोन टिकल्यांचं बटण दाबायच्या आणि मला हाक मारायच्या. "अगं, अबाधाकाळ म्हणजे काय ते पुन्हा सांग." मी पोळी तव्यावरून उतरवून ग्रंथ उघडायची. वाचून म्हणाले, "आई, कर्ज घेतलं तरी पहिला हप्ता काही मुदतीनं सुरू होतो ना, तसं. कर्म बांधलं गेलं, पण उदयाला यायला अजून अवकाश आहे, तो काळ." त्या हसल्या, "म्हणजे हप्ता चुकत नाही!"

असे रोजचे दोन-तीन प्रश्न, नऊ वर्षं. लग्न होऊन आले तेव्हा मला पूजेची थाळी लावता येत होती, शास्त्र येत नव्हतं. जे थोडं येतं ते त्या थांबवायच्या बटणामुळे आलं.

२०१५ साली सासूबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यातही णमोकार मंत्र त्याच स्पीकरवर, अगदी हळू, चालू होता.

फोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण गुळगुळीत काचेवर न दिसणाऱ्या माणसाचं बोट कुठे टेकणार? आणि ऐन प्रवचनात कुणाचा तरी फोन येतोच. घरातल्या आजी-आजोबांसाठी घेणार असाल तर उठावदार बटणांचं, साधं, एका खोलीपुरतं यंत्र घ्या. वॅट मोजू नका, शब्द सुटे येतात का ते ऐका. आणि ते लावून देऊन निघून जाऊ नका, हाकेच्या अंतरावर राहा. प्रश्न येतील.

जय जिनेंद्र.