पहिला एअरब्रश

आमचे वडील एसटीत ड्रायव्हर. ते रिटायर होणार म्हणून त्यांना सनबोर्डची लाल बस करून द्यायचं मी ठरवलं. साध्या ब्रशने रंग दिला, तर चुडाव्याच्या नांगरटीसारखे फराटे उठले! मग मेसचे पैसे वाचवून एअरब्रश घेतला.

दुकानात दोन प्रकार होते. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये खटका दाबला की हवा अन् रंग एकदमच येतात. डबल अ‍ॅक्शनमध्ये खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. हा शिकायला अवघड, पण पुढे हाच कामाला येतो. रंगाची वाटी वरच्या बाजूला असावी. कमी दाबावर, थोड्या रंगात भागतं. नोझल ०.३ मिमीचं पुरे.

माझी चूक कंप्रेसरची. सगळे पैसे ब्रशवर घातले अन् कंप्रेसर आणला बिनटाकीचा. हवा धडकत यायची, रंगाचे ठिपके उडायचे. वर त्या आवाजाने रेक्टर सर दारात! म्हणून आधी टाकीवाल्या कंप्रेसरचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात ब्रश बघा. रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय, तोंडाला मास्क अन् खिडकी उघडी. काम झालं की लगेच नोझल धुवा.

शेवटी मित्राचा टाकीवाला कंप्रेसर मागून आणला अन् बस गुळगुळीत झाली. वडिलांनी ती हातात फिरवून बघितली अन् म्हणाले, "पाटी कुठाय रे हिची?"

मग साध्या ब्रशनेच लिहिलं : चुडावा.