पाटाच्या कडेकडेनं

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना सायकल येते? वा! सगळ्यांचेच हात वर! आता दुसरा प्रश्न. मागून ट्रकचा हॉर्न नाही, पुढून एस. टी.ची धूळ नाही, असा आठ-दहा किलोमीटरचा सपाट रस्ता कुणाच्या गावाजवळ आहे? झाले ना हात खाली? पण थांबा. तुमच्या गावाजवळून एखादा कालवा जात असेल, तर असा रस्ता तुमच्याकडेही आहे. आपण कधी त्याच्याकडे तशा नजरेनं पाहिलेलं नसतं, एवढंच.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्या भागात उजनीचा डावा कालवा येतो. उजनी धरण माढा तालुक्यात, भीमा नदीवर आहे. १९८० साली ते पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. आमच्या जिल्ह्यात वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. त्यामुळं 'उजनी किती भरलं?' हा प्रश्न इथं पावसाळाभर घरोघरी विचारला जातो. सोलापूर शहराच्या नळालाही उजनीचं पाणी येतं.

तर गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवार होता. सहावी-सातवीची चौदा मुलं-मुली, दोन पालक आणि मी असे आम्ही सायकली घेऊन सकाळी सातलाच निघालो. सोबत गावातले एक निवृत्त पाटकरी आजोबाही होते. पाटकरी म्हणजे पाटाच्या पाण्याची राखण आणि वाटणी करणारा माणूस. आजोबांची काळी, दांडीची सायकल आमच्या सगळ्यांच्या सायकलींपेक्षा वयानं मोठी!

कालव्याच्या भरावावर चढलो आणि मुलांनी एकच आरोळी ठोकली. एका हाताला काठोकाठ वाहणारं पाणी, दुसऱ्या हाताला शेतं आणि मधून सरळ जाणारी मुरमाची वाट. तारेवर खंड्या टपून बसलेला, बाभळीवर वेडा राघू, आणि आम्हाला पाहून 'टिटिव टिटिव' ओरडत उडालेली टिटवी. तासाभरात आम्हाला दोनच वाहनं भेटली. एक उसाची ट्रॉली आणि एक दूधवाला.

"सर, पायडल मारायला काहीच त्रास होईना. रस्ता एवढा सपाट कसा?" एकानं विचारलं.

प्रश्न चांगला आहे ना? पाहा, धरणातलं पाणी शेतापर्यंत स्वतःच्या पायानं चालत येतं. इथं ना पंप, ना इंजिन, फक्त उतार. उतार जास्त झाला तर पाणी धावत सुटेल आणि माती उकरून नेईल. कमी झाला तर वाटेतच थबकेल. म्हणून मोठ्या कालव्याला किलोमीटरमागं साधारण वीतभरच उतार ठेवतात. टेकाड आलं की कालवा त्याला वळसा घालतो. ओढा आला की पुलासारखा त्याच्या डोक्यावरून जातो. अशा पुलाला जलसेतू म्हणतात. कालवा चढत नाही, धपकन उतरत नाही, म्हणून त्याच्या कडेची वाटही तशीच!

ही वाट सहलीसाठी केलेली नाही, बरं का. कालव्याची देखरेख करायला ती ठेवलेली असते. "आम्ही ह्याच सायकलीवर सगळी दारं बघत हिंडायचो," पाटकरी आजोबा म्हणाले. सोलापुरात कालवे काही नवे नाहीत. शहराच्या उत्तरेला एकरुख तलाव आहे, त्यालाच हिप्परगा तलावही म्हणतात. तो १८७१ चा. त्यालाही कालवे काढलेले होते. तिकडे माळशिरस तालुक्यात नीरा उजवा कालवा आहे, तोही ब्रिटिशांच्या काळातला. आणि दूर फ्रान्समध्ये १६८१ साली खुला झालेला २४० किलोमीटरचा कॅनाल द्यू मिदी आहे. तो नावांसाठी खणलेला. काठावरच्या वाटेनं घोडे चालायचे आणि दोरानं नावा ओढायचे. आता घोडे गेले आणि त्या वाटेवरून देशोदेशीची माणसं सायकली चालवतात. आपल्या कालव्यांवर नावा नाहीत. आपलं पाणी माणसांना कुठं नेत नाही, ते स्वतःच शेताला भेटायला जातं.

"मग ते जातं कुठपर्यंत?" सातवीतल्या एका मुलीनं विचारलं. आमची सहल त्यासाठीच तर होती! पाण्याच्या मागोमाग शेवटपर्यंत जायचं.

चारेक किलोमीटरवर मोठ्या कालव्यातून एक फाटा निघाला. आम्ही त्याच्या वाटेला लागलो. सुरुवातीला दोन्हीकडे हिरवागार ऊस. एका ठिकाणी शेताचा बांध फुटून पाणी वाटेवर आलं होतं. मग काय! मुलांनी सायकली जोरात त्या पाण्यातून घातल्या. फर्रर्र! एकदा झालं, परत मागं येऊन दुसऱ्यांदा झालं. मीही एकदा घातली, खोटं कशाला बोलू?

पुढं पुढं मात्र चित्र बदलू लागलं. फाट्यातलं पाणी कमरेचं गुडघ्यावर आलं, गुडघ्याचं घोट्यावर. उसाच्या जागी ज्वारी दिसू लागली. आणि सहाव्या किलोमीटरला फाटा संपला, तिथं तळाला भेगा पडलेल्या होत्या. अशा शेवटाला आमच्याकडे 'टेल' म्हणतात.

"मोठ्या कालव्यात एवढं पाणी, आणि इथं काहीच नाही?" मुलं चक्रावली.

आजोबा म्हणाले, "नियम असा हाय पोरांनो, की पाणी आधी टेलला द्यायचं, मग मागं मागं येत सुरुवातीला. पण मधल्या वाटंत कुणी दार जास्त उघडतं, कुठं पाट झिरपतो, कुठं गवत-गाळ साचतो. मग टेलवाला बसतो वाट बघत."

शेजारची ज्वारी मात्र ताठ उभी होती. रब्बीची ज्वारी ही काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर वाढते. कमी पाण्यातही ती तग धरते, म्हणून ती आमच्या जिल्ह्याची लाडकी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

तेवढ्यात फुस्स! एकाच्या मागच्या चाकात वेड्या बाभळीचा काटा घुसला. पिशवीत पंप, सोल्युशन, ठिगळ सगळं होतं. ट्यूब काढली, हवा भरली, पण भोक काही सापडेना. ट्यूब पाण्यात बुडवायला हवी. आणि पाणी कुठं होतं? पाटाच्या वाटेवर येऊन आम्हाला पाणी मिळेना!

जवळच्या वस्तीवरून एक आजी घमेलं घेऊन आल्या. त्यात अर्धं घमेलं पाणी होतं. ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, भोक सापडलं, ठिगळ बसलं. मुलगा खुशीत उठला आणि पाणी फेकायला त्यानं घमेलं उचललं.

"आरं बाळा, सांडू नगंस!" आजी घाईनं म्हणाल्या. त्यांनी घमेलं घेतलं आणि दारातल्या लिंबोणीच्या रोपाला ते पाणी हळूहळू घातलं. "तेवढीच जगंल ती."

कुणी काही बोललं नाही. आजींनी आम्हाला हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी दिली. प्यायला पाणीही देत होत्या, पण मुलांनी आपापल्या बाटल्या दाखवल्या.

परत येताना तीच फुटलेल्या बांधाची जागा आली. पाणी अजून वाटेवरून वाहत होतं. या वेळी कुणी सायकल पाण्यात घातली नाही. सातवीतली ती मुलगी खाली उतरली आणि उसाकडे तोंड करून ओरडली, "काका, ओ काका! तुमचं पाणी वाटेवर यायलंय!"

उसातून एक शेतकरी डोळे चोळत बाहेर आले. "रात्री पाळी आली होती. रातभर दारं धरलं, जरा डोळा लागला बघ," म्हणाले. खोऱ्यानं चार ढेकळं टाकली आणि बांध बुजवला. तेही बिचारे दमलेलेच होते. पाळी रात्रीची आली तर रात्री शेतात उभं राहावंच लागतं. तेवढ्यानं आजींच्या दारात पाणी पोचलं नसेल, हे मलाही ठाऊक आहे. पण वाया जात होतं ते थांबलं.

आता तुम्हीही अशा सहलीला निघणार असाल, तर चार गोष्टी नीट ऐका. मोठ्या माणसांशिवाय कालव्यावर कधीही जायचं नाही. त्या भागातल्या जलसंपदा विभागाच्या कार्यालयात आधी विचारायचं. सायकल नेहमी शेताच्या बाजूनं चालवायची, पाण्याच्या बाजूनं नाही. आणि पाण्यात उतरायचं नाही, हात-पाय धुवायलासुद्धा नाही. कालव्याच्या बाजूंना शेवाळ असतं. पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. वरून शांत दिसलं तरी आत पाण्याला ओढ असते. पाऊस पडून गेल्यावरही जाऊ नका. आमची काळी माती चाकात अशी बसते, की सायकलच आपल्या खांद्यावर बसते!

सोमवारी गणिताच्या तासाला ठिगळवाल्या मुलानं विचारलं, "सर, उजनीचं पाणी आजीच्या घमेल्यानं मोजलं तर?" मग काय, मांडलं गणित! धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी. आजींचं अर्धं घमेलं पाच लिटरचं धरलं. उत्तर आलं, सुमारे ३० हजार कोटी अर्धी घमेली! शून्यं लिहिता लिहिता फळ्याची एक ओळ भरली.

मुलगा फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एवढं असून आजीला अर्धंच का, सर?"

त्याचं उत्तर मी फळ्यावर लिहू शकलो नाही. कुठं सुरुवात करायची, ते मात्र त्या मुलीनं आदल्या दिवशीच दाखवलं होतं. तुमच्या गावाजवळ पाट असेल, तर एखाद्या रविवारी मोठ्यांना बरोबर घेऊन निघा आणि तो कुठं संपतो ते बघून या. वाटेत कुठं पाणी वाया जाताना दिसलं, तर सायकलवरून उतरा आणि हाक मारा.