उधारीच्या वहीची मागची पानं

शनिवार, 4 जानेवारी 2025

बाजाराचा दिवस. काष्टीत शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बैल, शेळ्या, टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या, सगळं एकाच रस्त्यावर. आज निम्मी गिऱ्हाइकी कांद्याच्या फवारणीची होती. कोणी करपा म्हणतो, कोणी थ्रिप्स, आणि बाटली मात्र सगळ्यांना शेजाऱ्याने नेली तीच हवी.

दुपारनंतर गर्दी ओसरली तसे नाना आले. शेळी विकून आलेले, त्यामुळे खुशीत. पिशवीतून ‘बनगरवाडी’ काढून काउंटरवर ठेवली.

“कशी वाटली?”

“यात नवीन काय लिवलंय? दुष्काळ पडला, मेंढरं मेली, गाव उठलं. बहात्तरला मी सोता खडी फोडलीय. मिलोच्या भाकरी खाल्ल्यात. मला कशाला दिलं हे वाचाया?”

एवढं बोलून नाना खताच्या गोणीवर बसले ते चांगले तासभर. मास्तरने तालीम बांधायला घेतली, तेव्हा धनगर कसे बदलले. कारभारी बेरकी की भला. पोरं शाळेत यायची ती मास्तरसाठी की मेंढरांमागून सुटका म्हणून. माडगूळकरांनी ही कादंबरी 1955 साली पुस्तकरूपात आणली. मुलूख माणदेशचा, काळ औंध संस्थानचा. नानांना त्याच्याशी देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी ती भीमेच्या अलीकडच्याच एखाद्या वस्तीची गोष्ट आहे. जाताना विचारलं, “ह्या माणसाचं आणिक काय असंल तर द्या.”

वही उघडली. पुढच्या पानांवर युरिया, डीएपी, दहा-सव्वीस-सव्वीस. मागच्या पानांवर पुस्तकं. नाना: ‘माणदेशी माणसं’. रकमेचा रकाना कोरा.

गुरुवार, 9 जानेवारी

‘ताम्रपट’ तिसऱ्या हातात गेलं. रंगनाथ पठारे शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या जवळ्याचे, संगमनेरला फिजिक्स शिकवायचे. 1999 साली या कादंबरीला साहित्य अकादमी मिळालं. पण आमच्याकडे पुरस्कारामुळे कोणी वाचत नाही. सहकार, कारखाना, निवडणूक एवढं सांगितलं की माणूस एवढं जाडजूड पुस्तक बिनतक्रार उचलतो. आणि परत करताना आवाज खाली आणून प्रत्येक जण तेच विचारतो, “यातला हा पुढारी म्हणजे आपला तोच ना?” नावं दर वेळी वेगळी निघतात.

मंगळवार, 14 जानेवारी, संक्रांत

घरात तिळगुळापेक्षा वाणाची चर्चा जास्त. दर वर्षी स्टीलच्या वाट्या, चहाच्या गाळण्या, प्लॅस्टिकचे डबे. बायकोने सांगितलं, यंदा हळदीकुंकवाला पुस्तकं देणार. आईला पटेना. “कुणी वाचणार न्हाई, आन वर हसतील.” बायको म्हणाली, वाट्या तरी कोण वापरतंय, सगळ्यांच्या माळ्यावर पडल्यात.

मी दुकानदार असल्याने आधी हिशेब मांडला. पातळ पुस्तकं हवीत, अक्षर मोठं हवं. ‘बहिणाबाईंची गाणी’ सगळ्यात आधी ठरलं. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि पुस्तक निघालं पुढच्या वर्षी. मुलाने, सोपानदेवांनी गाणी अत्र्यांना दाखवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ती ऐकवता येतात, हा मोठाच फायदा.

शनिवार, 25 जानेवारी

आयटीआयला जाणारा पोरगा बापासोबत औषध न्यायला आला होता. कपाटाकडे बघून म्हणाला, “काका, दुनियादारी हाय का?” नव्हतं. मी माझ्या आवडीचं काढलं, उद्धव शेळक्यांचं ‘धग’. त्याने चार ओळी चाळल्या आणि मागे सरकवलं. “हे आमच्या घरचंच हाय की.”

रागावण्यासारखं काही नव्हतं त्यात. शहरातल्या वाचकाला गावाकडचं दुःख वाचायला लागतं. ज्याच्या घरी ते रोज जेवायला बसतं त्याला कॉलेजचा कट्टा हवा असतो. सुहास शिरवळकरांना समीक्षकांनी फारसं विचारलं नाही. तरी 1982 सालचं त्यांचं ‘दुनियादारी’ पोरं आजही मागून नेतात. त्याआधीच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर रात्री काढल्या, आणि त्या हजाराच्या वर आहेत.

बाजारात हेडी आधी गिऱ्हाइकाचं रान विचारतो, किती एकर, जमीन भारी की मुरमाड, आणि मग बैल दाखवतो. आपण वाचणारे उलटं करतो. आपल्याला भावलेला बैल ओढत नेऊन समोरच्याच्या दावणीला बांधतो.

पोराला म्हणालो, दुनियादारी मी मागवतो. तोवर तुझ्याकडे असेल ते मला दे. पुढच्या शनिवारी फाटक्या कव्हरचं ‘मृत्युंजय’ आणून देतो म्हणाला. आजीचं आहे. आमच्या भागात वाचणाऱ्या घरात निदान हे एक पुस्तक असतंच.

मंगळवार, 4 फेब्रुवारी, रथसप्तमी

हळदीकुंकू संपलं. आईचं म्हणणं निम्मं खरं ठरलं, काही जणी हसल्या. पण पलीकडच्या किराणा दुकानाच्या वहिनींनी बहिणाबाई संपवून सरळ दुकान गाठलं. “भावजी, बायांनी सोताबद्दल लिहिलेलं काय हाय?”

पहिलं दिलं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचा बराच संसार आपल्या नगर-राहुरीकडचा. नवऱ्याने 1895 साली धर्म बदलला, घर दुभंगलं, आणि हे सगळं ती बाई अशी सांगते की डोळ्यांत पाणी असताना हसू येतं. शाळा जवळजवळ नाहीच. मला विचाराल तर मराठीत एकच आत्मचरित्र ठेवायचं म्हटलं तर मी हेच ठेवीन.

दुसरं बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. बेबीताईंचं फलटणला छोटं दुकान होतं. माल बांधायला आलेली रद्दी त्या वाचायच्या आणि घरच्यांच्या नजरेआड, गल्ल्यावर बसून लिहायच्या. हे सांगितल्यावर वहिनींनी ‘स्मृतिचित्रे’ बाजूला ठेवलं आणि हे आधी उचललं.

गुरुवार, 13 फेब्रुवारी

‘बलुतं’ परत आलं. दया पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. 1978 साली ‘ग्रंथाली’ने ते काढलं. 1974 साली सुरू झालेली ही वाचकांची चळवळ, ग्रंथयात्रा काढून पुस्तकं गावोगाव नेणारी. दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे स्वतःलाच.

इतकी वर्षं हे पुस्तक हातोहात फिरवतोय, त्यातून एक दिसलं. गावातल्या एका बाजूचा वाचक परत करताना म्हणतो, “आता तसं राहिलं नाही.” दुसऱ्या बाजूचा काही म्हणत नाही, पुढचं पुस्तक मागतो. दोघांनी समोरासमोर बसून बोलावं असं वाटतं. अजून तसं बसवता आलेलं नाही.

शुक्रवार, 21 फेब्रुवारी

दिल्लीत आजपासून साहित्य संमेलन. अध्यक्षा तारा भवाळकर. दुकानात मोबाइलवर थोडं पाहिलं. लोकसंस्कृती, ओव्या, जात्यावरच्या बायका यांच्यासाठी आयुष्य घातलेली बाई त्या खुर्चीवर बसली, हे बरं झालं. बाकी पुढाऱ्यांची भाषणं आपण कारखान्याच्या सभेत ऐकतोच.

संध्याकाळी कीर्तनकार तात्या आले, ते ‘योगसंग्राम’ घेऊनच. शेख महंमद, सतराव्या शतकातले. त्यांची समाधी श्रीगोंद्याला आहे. मुसलमान घरात जन्मलेला हा संत वारकऱ्यांनी आपला मानला, आणि अजून त्याचे अभंग गातात. तात्यांची अट एकच, हे पुस्तक घरी न्यायचं नाही, दुकानातच बसून वाचायचं. मान्य केली. डीएपीच्या थप्पीशेजारी एक खुर्ची वाढवली.

शनिवार, 1 मार्च

ऊसतोडीच्या टोळ्यांची परतायची बोलणी सुरू झाली. पाथर्डीकडच्या एका तोडणीवाल्या दादांनी अण्णाभाऊंचं ‘फकिरा’ नेलंय. आज गूळ-चहापत्तीच्या पिशवीसोबत ते दाखवायला आले. पाचटाचे तुकडे पानांत अडकलेले, काही पानांना काळी बोटं लागलेली. कोपीवर रात्री मोबाइलच्या उजेडात ते वाचतात आणि बाकीचे ऐकतात. अर्ध्याच्या पुढे गेलेत. “पट्टा पडायच्या आत व्हनार न्हाई,” म्हणाले. मी वहीत त्यांच्या नावापुढे गावाचं नाव लिहिलं आणि पुस्तक गावी न्यायला सांगितलं. पुढच्या हंगामात टोळी इकडेच आली तर ठीक, नाही आली तर तिकडे कोणी वाचेल.

आता कपाटात अण्णाभाऊंचं एकही पुस्तक उरलं नाही. ‘दुनियादारी’ला दोघांचा नंबर लागलाय. नानांना आता शंकर पाटील हवेत. ज्यांच्या माळ्यावर जुनी पुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे पडून असतील, त्यांनी ते रद्दीवाल्याला घालण्याआधी काष्टीच्या बाजाराला येणाऱ्या कोणाच्याही हाती द्यावेत. येताना तुमचं आवडतं एक पुस्तकही आणा, ते मी वाचीन.