माजघरांतलें मौन

एका चुलीवर बारा माणसांचा स्वयंपाक होणाऱ्या घरांत कोणाचें दुखणें लपून राहत नाहीं, असा समज आहे. आमच्या सोलापूरच्या घराचा अनुभव निराळा आहे. बायकांचीं कांहीं दुखणीं तेथें वर्षानुवर्षें लपतात. आणि एक लपविण्यास मींच साह्य केलें आहे.

वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. धाकट्या जावेच्या ओटीपोटांत वरचेवर कळ येई. “वहिनी, दवाखान्यांत जाऊं का?” असें तिनें विचारलें. “अग, बायकांचें हें चालायचेंच, शेक घे,” असें मीं मोठेपणानें सांगितलें. पुढें गड्ड्याच्या यात्रेंत, घर पाहुण्यांनीं भरलेलें असतां, एका रात्रीं तिला असह्य वेदना होऊन वांत्या सुरू झाल्या. बीजांडकोशांत गांठ वाढून तो कोश देठाशीं पिळला गेला होता. रक्तपुरवठा तुटलेला कोश काढून टाकावा लागला. दुसऱ्या कोशाच्या बळावर तिला मुलगी झाली, हें आमचें भाग्य. पण माझ्या उत्तराची बोच राहिली.

तीच मुलगी गेल्या वर्षीं म्हणाली, “काकू, पोटांत दुखतें.” सोनोग्राफींत चार सेंटिमीटरची गांठ दिसली आणि घर दुसऱ्या टोकाला गेलें. कोणी म्हणे, लगेच कापून टाका. कोणी म्हणे, आतां लग्नाचें कसें? डॉक्टरीणबाईंनीं मात्र शांतपणें समजाविलें. पाळीच्या वयांत बीज पक्व होतांना पाण्याची पिशवी तयार होते; ती कधीं वेळेवर फुटत नाहीं व वाढते. अशी साधी गांठ बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. गोळ्यांनीं ती लवकर जिरत नाहीं. केंस व चरबी असलेली किंवा जुनें रक्त सांठलेली गांठ मात्र सहसा आपोआप जात नाहीं. ती मोठी वा त्रासदायक असल्यास दुर्बिणीनें, बहुतेक वेळां कोश राखून, काढतां येते. पाळी गेल्यानंतर दिसलेली गांठ अधिक कसून तपासावी लागते, कारण तेथें कर्करोगाची शंका अधिक.

1809 सालीं अमेरिकेंतील केंटकींत जेन क्रॉफर्ड ही बाई अशी गांठ घेऊन सुमारें साठ मैल घोड्यावरून गेली. डॉ. मॅकडॉवेल यांनीं भुलीवांचून तिची दहा किलोंची गांठ काढली. ती पुढें बत्तीस वर्षें जगली. आमच्या सोलापुरांत 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण माजघरांतून ओसरीपर्यंतचें अंतर आमच्यानें तोडवत नाहीं.

तीन महिन्यांनीं पुतणीची गांठ नाहींशी झालेली दिसली. सर्वांचेंच असें होईल असें नाहीं. परंतु वेळीं बोललें तर उपाय निवडण्यास अवधि मिळतो. एकाएकीं तीव्र कळ येऊन वांती झाली, तर मात्र सकाळची वाट पाहूं नये. आणि घरांतल्या थोरलीनें ‘चालायचेंच’ हा शब्द जिभेवर येऊं देऊं नये.