कुठेही नेणारा दरवाजा

लेक साडेचार वर्षांची झाली आणि एकदाचे आम्ही कावासाकीला डोरेमॉनच्या संग्रहालयात जाऊन आलो. तिकीट आधीच तारीख आणि वेळ ठरवून घ्यावं लागतं. नोबोरितो स्टेशनहून डोरेमॉनच्या चित्रांची बस सुटते. लेक खिडकीला नाक लावून बसली होती. खरं सांगायचं तर मीही!

माझा डोरेमॉन मात्र तेरेखोलचा. तो हंगामा टीव्हीवर हिंदी बोलायचा तेव्हा मी पाचवीत होतो. केरीहून फेरीबोटीने घरी यायचं, दप्तर टाकायचं आणि आजीशेजारी टीव्हीपुढे बसायचं. आजीचं हिंदी बेताचंच. "त्या मांजराक कान खंय गेले?" हा तिचा रोजचा प्रश्न. उंदराने कुरतडले म्हटलं की खुदखुदायची. आमचं गाव गोव्यातलं, पण नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राला चिकटलेलं. फेरी चुकली की समोर घर दिसत असूनही ताटकळायचं. म्हणून डोरेमॉनच्या खिशातलं मला काही हवं असेल, तर तो कुठेही नेणारा दरवाजा.

तो इथे गच्चीवर उभा आहे, गुलाबी. लेक त्यातून पाच वेळा आरपार गेली.

मी रमलो मूळ चित्रांच्या दालनात. तिथे फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच आहे. फुजिको एफ. फुजिओ, म्हणजे हिरोशी फुजिमोतो (1933–1996), यांनी 1970 च्या जानेवारी अंकांपासून मुलांच्या मासिकांत डोरेमॉन सुरू केला. टीव्हीवरची आजची मालिका 2005 पासूनची. छापील पान गुळगुळीत दिसतं. मूळ पानावर मात्र पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका आणि वरून चिकटवलेले संवाद दिसतात. या माणसाचंही चुकायचं, हे पाहून जीव भांड्यात पडला. संग्रहालय उघडलं 3 सप्टेंबर 2011 ला. डोरेमॉनचा जन्म व्हायचाय 3 सप्टेंबर 2112 ला. म्हणजे वाढदिवस आधी, जन्म नंतर!

वाचायच्या कोपऱ्यात नोबिताच्या आजीची गोष्ट सापडली. वारलेल्या आजीला भेटायला तो टाइम मशीनने मागे जातो. एवढा मोठा झालेला नातू, पण ती लगेच विश्वास ठेवते. तिला त्याला शाळेत जाताना बघायचं असतं, म्हणून तो धावत जाऊन दप्तर घेऊन येतो. मग तिला त्याची बायको बघायची असते.

आमची आजी गेल्या श्रावणात गेली. फोनवर लेक दिसली की विचारायची, "तिका कधी हाडतलंस?" मी दरवेळी म्हणायचो, चतुर्थीला. एकदा रजा नाही, एकदा तिकिटं महाग. शेवटी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, आणि केरीच्या धक्क्यावर फेरी नुकतीच सुटलेली.

लेक मांडीवर येऊन बसली आणि पानावरच्या म्हातारीवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, ही फोनमधली पणजी?"

हो म्हटलं. मग तिला भूक लागली, म्हणून कॅफेच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.