ग्वांगझोऊत मामांसाठी एक खोली

हॉटेल निवडणं हे माझ्या पिढीसाठी दोन मिनिटांचं काम आहे. रेटिंग चारच्या वर, फोटोत पांढरी चादर, फ्री कॅन्सलेशन, झालं बुक. गोवा, हम्पी, मनाली, सगळीकडे हेच चाललं. पाचोऱ्याच्या मामांनी मात्र मला याच कामाला तीन आठवडे लावले, कारण त्यांना जायचं होतं ग्वांगझोऊला.

मामांचं शेती अवजारांचं दुकान आहे. फवारणीचे बॅटरी पंप, नोझल, पाइप, मोटारी. कपाशीवर फवारणी सुरू झाली की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्यातला बराच माल चीनहून येतो, पण पाचोऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला दोन-तीन व्यापाऱ्यांचे हात लागतात आणि प्रत्येक हात आपला हिस्सा काढून घेतो. मामांना तो माल एकदा मुळाशी जाऊन बघायचा होता. त्यासाठी कँटन फेअर. ग्वांगझोऊचं जुनं नाव कँटन. १९५७ पासून तिथे वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, हा व्यापारमेळा भरतो. तो तीन टप्प्यांत चालतो आणि यंत्रं-अवजारं पहिल्या टप्प्यात असतात.

मामा चोपन्न वर्षांचे, माळकरी, पासपोर्ट पहिल्यांदाच काढलेला. मी पुण्यात कोड लिहितो, म्हणून घरात ‘ऑनलाइन’ म्हणून जे काही असेल ते माझ्याकडे येतं. पहिल्याच रात्री मी त्यांना दहा हॉटेलांच्या लिंक पाठवल्या. सकाळी फोन आला.

“भाचा, हाई समदं चांगलं शे. पन माले तठे कोन वयखस?”

मला तिथे कोण ओळखतं? रेटिंगच्या पानावर या प्रश्नासाठी जागा नसते.

प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. मामा आयुष्यात फारसे हॉटेलात राहिलेलेच नाहीत. सुरतेला गेले तर उधना-लिंबायतमध्ये अर्धं खानदेश राहतं, कोणीतरी चुलत-मावस निघतंच. मुंबईला आतेभाऊ. पंढरपूरला मठ. त्यांच्या हिशेबात मुक्काम म्हणजे आपलं नाव सांगितल्यावर दार उघडणारं घर. आता त्यांना अशा शहरात जायचं होतं, जिथे त्यांचं नाव वाचताही येणार नव्हतं.

म्हणून मी रेटिंग बाजूला ठेवलं आणि दार कोण उघडेल, हे शोधायला लागलो.

पहिली अडचण नकाशाची. चीनमध्ये नकाशांसाठी जीसीजे-०२ नावाची वेगळी पद्धत सक्तीची आहे. त्यात जीपीएसचे खरे अक्षांश-रेखांश मुद्दाम सरकवलेले असतात, तेही प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अंतरानं. बायडूनं त्यावर आणखी एक स्वतःची सरकवासरकव केली आहे. त्यामुळे आपल्याकडच्या नकाशावर दिसणारा हॉटेलचा पिन काही शे मीटर भलतीकडे असू शकतो. पाचोरा स्टेशनचा पिन एवढा सरकला तर फार तर रूळ ओलांडून यावं लागेल, शिवाय रस्ता सांगायला दहा जण पुढे येतील. ग्वांगझोऊत रात्री बारा वाजता हातात बॅग घेऊन चुकीच्या उड्डाणपुलाखाली उभं राहणं वेगळं. उपाय साधा आहे. चीनमध्ये चालणारा आमॅप वापरायचा आणि हॉटेलचं नाव, पत्ता, फोन नंबर चिनी लिपीत जवळ ठेवायचा. इंग्रजी नावावर विसंबायचं नाही, कारण एकाच हॉटेलची दोन ॲपवर दोन इंग्रजी नावं सापडतात. ‘व्हिएन्ना’ नावाची तर हॉटेलांची मोठी चिनी साखळीच आहे. नुसतं ‘व्हिएन्ना हॉटेल’ म्हटलं तर टॅक्सीवाला विचारेल, कुठलं?

पत्त्यातही गंमत आहे. एकाच लांब रस्त्याचे दोंग म्हणजे पूर्व, शी म्हणजे पश्चिम, नान दक्षिण, बेई उत्तर आणि झोंग मधला, असे तुकडे असतात. एक अक्षर चुकलं की माणूस रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

दुसरी अडचण कायद्याची, आणि तीच मोठी. चीनमध्ये परदेशी पाहुणा उतरला की त्याची नोंद पोलिसांकडे जावी लागते. हॉटेलात उतरलात तर ती जबाबदारी हॉटेलची. कोणाच्या घरी उतरलात तर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे जाऊन स्वतः नोंद करायची. पूर्वी परदेशी लोकांना ठरावीक हॉटेलांतच उतरता यायचं. तो नियम गेला, पण सवय राहिली. अनेक स्वस्त हॉटेलं बुकिंग घेतात आणि काउंटरवर पासपोर्ट बघितला की हात जोडतात, कारण तिथल्या मुलाला परदेशी पासपोर्टची नोंद कशी भरायची ते माहीतच नसतं. परवाना नसल्याचं कारण देऊन परदेशी पाहुण्याला नाकारू नका, असं २०२४ मध्ये चीन सरकारनं स्पष्ट केलं. पण रात्री एक वाजता त्या मुलाशी कायद्यावर वाद घालायला मामा जाणार नव्हते.

आता जागा. मेळा भरतो पाझोऊला, मोती नदीच्या दक्षिणेला. तिथली हॉटेलं मेळ्याच्या दिवसांत दर दुप्पटही करतात. मामांच्या पोटाचा विचार केला तर श्याओबेई आणि ताओजिनचा भाग बरा. तिथे आफ्रिकी, अरब, भारतीय व्यापाऱ्यांचा राबता आहे आणि भारतीय जेवण मिळतं. मेट्रो बदलत पाझोऊला जाता येतं. मुख्य म्हणजे, त्या भागातल्या काउंटरवर परदेशी पासपोर्ट ही रोजची गोष्ट असते.

मी तीन हॉटेलांना भाषांतर ॲपमधून चिनीत तेच चार प्रश्न पाठवले. भारतीय पासपोर्ट घेता का? रात्री एकनंतर काउंटरवर माणूस असतो का? खोलीला खिडकी आहे का? डिपॉझिट किती? खिडकीचा प्रश्न विनोद नाही. तिथे स्वस्त खोल्या बिनखिडकीच्याही असतात आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एका हॉटेलाचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्यानं लिहिलं, ‘सर्व काही ठीक आहे’. तिसऱ्यानं चारही प्रश्नांना आकडे टाकून उत्तरं दिली आणि खाली लिहिलं, उशीर झाला तर फोन करा, खोली सोडणार नाही. त्याचं रेटिंग तिघांत सगळ्यात कमी होतं. मी तेच घेतलं.

या सगळ्यात मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवत होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, ते याच शहरात उतरलं. त्यांच्या स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सोंग चिंग-लिंग हजर होत्या. म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आधीच होतं.

मग मला वाटलं, उलटं झालं तर? त्या पंपाच्या कारखान्यातला एखादा माणूस पाचोऱ्याला आला तर? पुढच्या वेळी गावी गेल्यावर एका लॉजवर सहज विचारलं, परदेशी पाहुणा ठेवता का? मॅनेजर म्हणाला, “नको भाऊ. ते सी फॉर्म कोण भरत बसेल? जळगावले पाठवा.” आपल्याकडेही परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते. तोच नियम, तीच भीती, काउंटरवरचा तोच माणूस. मामांना हे सांगितलं तर ते खूप हसले. मग गप्प झाले आणि म्हणाले, “तो आला तर आपल्या घरी उतरेल. फॉर्म तू भर.”

मामा जाऊन आले. विमान उशिरा पोचलं. खिशात मी मोठ्या अक्षरात छापून लॅमिनेट केलेला चिनी पत्ता होता, तो त्यांनी टॅक्सीवाल्यासमोर धरला. काउंटरवर एक मुलगी जागी होती. तिनं पासपोर्ट स्कॅन केला, काहीतरी टाइप केलं, गरम पाण्याची किटली कुठे आहे ते खुणेनं दाखवलं. दहा मिनिटं लागली. मामांना खोलीचं फारसं काही आठवत नाही. ती मुलगी आठवते. “झोप येत व्हती तिले,” म्हणाले, “पन उठीसन उभी राहयनी.”

सध्या ते लॅमिनेट केलेलं कार्ड दुकानाच्या गल्ल्यात आहे. ऑक्टोबरच्या मेळ्याला चाळीसगावचा एक दुकानदार जाणार आहे, मामांनी त्याला माझा नंबर दिलाय. त्यानं रात्रीच मेसेज केला, ‘चांगलं रेटिंगवालं हॉटेल सांगा’. मी त्याला आधी ते चार प्रश्न पाठवले आहेत.