काटेरी माळावरची टिपणे

विद्यापीठामागचा डोंगर, वैशाख. औरंगाबाद लेण्यांच्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना काळा खडक, मुरूम, करपलेलं गवत, हेंकळ आणि बोराटीची जाळी, मधेच एखादा हिवर. भर उन्हात रानकांदा फुलावर आलाय. नुसता उभा दांडा, त्यावर मळकट तपकिरी फुलं, पान एकही नाही. पानं पावसाबरोबर येतील, कंदात साठवण करतील आणि वाळून जातील. आत्ताच्या फुलण्याचा सगळा खर्च गेल्या पावसाळ्याच्या शिलकीतून चाललाय.

*

इथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. थरच्या वाळवंटात बऱ्याच ठिकाणी २५० सुद्धा पडत नाही. तरी इथल्या झाडांना वाळवंटी सवयी का? पायाखाली बघितलं की कळतं. खाली बसाल्टचा अखंड थर, वर कुठे वीतभर तर कुठे चार बोटं माती. चार महिन्यांत पडलेलं पाणी खडकावरून ओघळीत, ओघळीतून खाम नदीत जातं. उरलेले आठ महिने झाडाने आपलं आपण बघायचं.

आणि जमीन हाकेच्या अंतरात बदलते. उघडी खडपट, मुरमाड उतार, फटीत अडकलेली माती, ओघळीतली जरा खोल माती. ओघळीत पळस आणि आपटा, उतारावर तरवड आणि हेंकळ, खडकावर पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या खळग्यांमध्ये बोटभर उंचीची रोपटी, जी दोन-तीन महिन्यांत जन्म, फूल, बी सगळं उरकतात. मोठी झाडं मोजायला निघालेल्या माणसाला हा माळ दरिद्री वाटणारच. गवतं, वेली, कंद आणि ही पावसाळी रोपटी मोजायला बसलं तर दिवस पुरत नाही.

*

बोराटीच्या जाळीपाशी गुडघे टेकून आत बघावं. बाहेर शेळ्यांनी जमीन साफ केलेली असते. आत शतावरी, गुळवेल, कडुनिंबाचं कोवळं रोप. काट्यांमुळे शेळीचं तोंड तिथवर पोचत नाही, सावलीमुळे माती थोडी जास्त दिवस ओली राहते, पाचोळा तिथेच कुजतो. बुलबुल आणि साळुंक्या फांदीवर बसून फळं खातात, बिया खाली पडतात. एक झुडूप पुढच्या कितीतरी वनस्पतींना जागा करून देतं. ‘साफसफाई’ म्हणून जेसीबीने अशी जाळी उपटतात तेव्हा जीव तुटतो. एका बोराटीबरोबर तिच्या आश्रयाला असलेलं सगळंच जातं.

अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात हेच चालतं. तिथला खांबासारखा सगुआरो निवडुंग लहान असताना बहुधा पालो वर्दे नावाच्या झाडाच्या आडोशाला वाढतो. टूसॉन गावाजवळ १९०३ मध्ये खास वाळवंटी वनस्पतींसाठी प्रयोगशाळा निघाली आणि १९०६ पासून तिथे ठरावीक चौकोन आखून त्यांतली झाडं पुन्हा पुन्हा नोंदली गेली. कोण जगलं, कोण मेलं, कोण कोणाच्या सावलीत उगवलं, हे शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदींतून दिसतं.

*

खरपुडी. पहिले पाऊस झाले की कंदातून बारीक वेल निघते आणि काटेरी झुडपाला धरून चढते. फूल कंदिलासारखं, खाली फुगीर, वर नळी. आत केस असे वळलेले की बारीक माशी आत शिरते, पण परत निघू शकत नाही. काही काळाने केस सुकतात आणि माशी अंगावर पराग घेऊन सुटते. कंद गोडसर, गुराखी पोरांच्या ओळखीचा. ज्या जागी पूर्वी वेल दिसायची तिथे आता उकरलेला खड्डा दिसतो. वेल फुलून तिच्या शेंगा तडकेपर्यंत थांबलं, तरी पुढच्या वर्षाची सोय होईल.

*

माकडशिंग. चौकोनी, हिरव्या, मांसल कांड्या, पानं जवळपास नाहीत. दिवसा श्वासछिद्रांवाटे वाफ जाते म्हणून अशा वनस्पती ती रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून तो वापरतात. म्हणून अशा वनस्पती पहाटे जास्त आंबट लागतात. बेंजामिन हेन या दक्षिण भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पानं सकाळी, दुपारी, संध्याकाळी चाखून हा फरक टिपला आणि १८१५ मध्ये तो छापून आला. जिभेने लावलेला शोध. आपल्या गुराख्यांच्या जिभेला असं आणखी काय काय माहीत असेल!

*

पैठणकडच्या काळ्या रानात नेपती. पानं नाहीत, खोडच हिरवं, उन्हाळ्याच्या तोंडाशी विटकरी-लाल फुलं. राजस्थानात हिचीच फळं केर म्हणून भाजीत आणि लोणच्यात जातात. हिंगणबेटाचा पसारा आणखी मोठा: सेनेगलपासून सहाराच्या दक्षिण काठाने अरबस्तान, तिथून थेट आपल्या दख्खनपर्यंत. गोदाकाठच्या बांधावर उभं असलेलं हे झाड आफ्रिकेतल्या गुराख्यालाही ओळखता येईल.

*

थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात निघाली. महाराष्ट्रात कोणीही वनस्पती ओळखायला बसलं की आजही ती उघडतं. पण औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे इलाख्याच्या हद्दीबाहेर. राजकीय रेघेपलीकडचा माळ त्या ग्रंथाच्या कक्षेतच आला नाही. ती उणीव भरून काढली इथल्याच विद्यापीठातले प्रा. व्ही. एन. नाईक यांनी. त्यांची दोन खंडांतली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याआधी १९७९ मध्ये उस्मानाबादची. नव्वद वर्षांचं अंतर. या भागाला आपल्या झाडांची यादी मिळायला एवढा काळ लागला, याची हळहळ वाटते, आणि ती करणाऱ्या माणसाविषयी मनापासून कृतज्ञता.

*

कुसळी गवताचं बी भाद्रपदानंतर पायजम्याला लागतं. कुसळाला पीळ असतो. दमट हवेत पीळ उलगडतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने टोकदार बी मातीत घुसत जातं.

*

चॅम्पियन आणि सेठ यांच्या वनप्रकारांच्या १९६८ च्या वर्गीकरणात दख्खनचं काटेवन ६अ या गटात आहे आणि काटेरी झुडपांचा माळ ही त्याची ऱ्हास पावलेली अवस्था मानली आहे. म्हणजे इथे मुळात जंगल होतं, ते बिघडून माळ झाला, असा समज. पुढे देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात दाट झुडपी आणि विरळ झुडपी जमीन हे पडीकचेच प्रकार ठरले. एकदा पडीक ठरलं की तिथे कारखाना, सोलर, वृक्षारोपण काहीही चालतं.

अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रासाठी वेगळाच पुरावा शोधला: जुनं मराठी साहित्य. लीळा, ओव्या, आख्यानं यांतून रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले. ४४ जाती मिळाल्या, त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश उघड्या गवताळ माळाच्या. निष्कर्ष असा की हे माळ निदान साडेसातशे वर्षं माळच आहेत. लीळा ज्यांच्या, ते चक्रधरस्वामी पैठण-वेरूळच्या वाटांनीही हिंडले. आपल्या मुलखासाठीही हे काम कोणीतरी हाती घ्यायला हवं, साहित्य तर घरातच आहे.

*

याचा अर्थ प्रत्येक उघडा डोंगर मुळातला माळच, असं नाही. गौताळा अभयारण्याच्या उतारांवर सालई, धावडा, मोई उभे आहेत. तशाच मातीच्या शेजारच्या उतारावर फक्त तरवड असेल तर तिथे कुऱ्हाड चालली असणार. फरक कसा ओळखायचा? माझा भरवसा मातीच्या खोलीवर आणि जमिनीलगतच्या वनस्पतींवर. जिथे जुने कंद आणि बहुवर्षायू गवतं शाबूत आहेत, तो माळ जुना समजावा. नांगरलेल्या किंवा खणलेल्या जागी ती लवकर परत येत नाहीत. तिथे टाकळा आणि गाजर गवत येतं.

*

२०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा, २०१९ मध्ये तेहतीस कोटी. राज्याच्या वृक्षलागवडीची ही उद्दिष्टं. हेतू चांगला होता. पण एवढी झाडं लावायला जागा हवी, आणि मोकळी दिसणारी जागा म्हणजे माळ. गिरिपुष्प भराभर वाढतं, म्हणून टेकड्या त्याने भरतात. त्याच्या दाट सावलीत पवन्या, कुसळी, मुसळी तगत नाहीत. उन्हाची सवय असलेल्या वनस्पतींसाठी सावली हीच आपत्ती. खड्डे खणताना कंद उखडले जातात ते वेगळंच.

*

परके सगळे सारखे नाहीत. दौलताबादचं सीताफळ अमेरिकेहून आलेलं, आज देवगिरीच्या डोंगरउतारावर आपोआप उगवतं आणि हंगामात कितीतरी घरांना चार पैसे देतं. फड्या निवडुंगही तिकडचाच. तोडल्यावर त्यातून पांढरा चीक येत नाही, आपल्याकडच्या शेर-निवडुंगांतून येतो, एवढ्यावरून ओळखावा. पण घाणेरी आणि वेडी बाभूळ यांचं तसं नाही. त्या जाळी करतात आणि खाली दुसरं काही येऊ देत नाहीत. बोराटीच्या नेमकं उलट.

*

अश्विन. गुलमंडीवर तरवडाची फुलं विकायला. घटाच्या माळेसाठी. पिवळा ढीग. तरवडाच्या सालीने पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली, फुलं देवीला गेली. दसऱ्याला आपटा ओरबाडला जातो ते वेगळं, ते थांबायला हवं. पण माळाशी शहराचं एवढं एक तरी नातं शिल्लक आहे याचा आनंदही होतो.

*

लेण्यांच्या आणि गोगाबाबा टेकडीच्या परिसरात टूसॉनसारखे दहा-वीस चौकोन आखावेत. एक खडपटीवर, एक मुरमाड उतारावर, एक ओघळीत, एक गिरिपुष्पाखाली, एक चराईबंद, एक चराईचा. वर्षातून तीनदा नोंद: पहिल्या पावसानंतर, भाद्रपदात, वैशाखात. रानकांदा वैशाखातच फुललेला सापडतो आणि खळग्यातली रोपटी भाद्रपदातच, त्यामुळे एका फेरीत भागणार नाही. वनस्पतिशास्त्राचा विभाग पायथ्याशीच आहे, दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. लागेल ते दोरी, खुंट्या, वही आणि नाईकांचे दोन खंड.